पारस पत्थर, उर्दूत : हॅरी पॉटर गोळा करता करता शिकलेली लिपी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे काय ना' आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज एका छोट्या खेळाने सुरुवात करू. मी दोन पुस्तकांची नावं वाचते, तुम्ही डोळे मिटून ऐका. गाडी चालवत असाल तर मिटू नका, नुसतं ऐका.

पहिलं पुस्तक : 'हैरी पॉटर और पारस पत्थर'.

दुसरं पुस्तक : 'हैरी पॉटर और पारस पत्थर'.

काय फरक जाणवला? काहीच नाही ना? मी चुकून तेच नाव दोनदा वाचलं असं वाटलं असेल. पण ही खरंच दोन वेगळी पुस्तकं आहेत. पहिलं आहे हिंदी, भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढलेलं, अनुवाद सुधीर दीक्षित यांचा. दुसरं आहे उर्दू, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या पाकिस्तानातल्या शाखेने कराचीहून काढलेलं, अनुवाद दरख्शंदा असगर खोखर यांचा. दोन देश, दोन अनुवादक, आणि मुखपृष्ठावर मोठ्याने वाचलं तर अगदी तेच नाव. आपल्या मराठीत मात्र ते 'हॅरी पॉटर आणि परीस' झालं, बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादात.

आता डोळे उघडा. हिंदी पुस्तक आपण लगेच वाचू शकतो, लिपी आपलीच. उर्दू पुस्तक मात्र उजवीकडून उघडतं, ओळी उजवीकडून डावीकडे पळतात, आणि अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतारावरून घसरत आल्यासारखी दिसतात. जे नाव कानाला शंभर टक्के कळलं, ते डोळ्यांना एक टक्काही कळत नाही. हे पुस्तक माझ्या कपाटात जवळजवळ तीन वर्षं होतं आणि मला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. आजचा भाग त्या तीन वर्षांबद्दल आणि त्यानंतर काय झालं त्याबद्दल.

मुळात गोळा कशासाठी करायची?

हॅरी पॉटरची पुस्तकं ८० हून अधिक भाषांत आली आहेत. जगभर काही लोक ती गोळा करतात. बहुतेकांचा साधा नियम असतो : प्रत्येक भाषेतलं फक्त पहिलं पुस्तक. सातही भाग सगळ्या भाषांत घ्यायचे म्हटलं तर घर विकावं लागेल.

मीही तसंच ठरवलं. मराठी घरात होतंच, शाळेत बक्षीस मिळालेलं. मग हिंदी, गुजराती, मल्याळम. बंगाली घ्यायला गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ते पुस्तक कोलकात्याचं नव्हतं, ढाक्याचं होतं. उर्दूचंही तसंच. भाषा आपल्या देशातली, आपल्या नोटेवर छापलेली, पण हे पुस्तक शेजारच्या देशात छापलेलं.

आणि उर्दू काही कुठली तरी लांबची भाषा नाही हं. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ५ कोटी ७ लाख लोकांनी आपली मातृभाषा उर्दू सांगितली. त्यातले सुमारे ७५ लाख एकट्या महाराष्ट्रात. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मुंब्रा, मुंबईचा मोहम्मद अली रोड, ही नावं तुम्हाला माहीत आहेत. बालभारती पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं उर्दूतही काढते. मुंबईतून 'गुल बूटे' नावाचं मुलांचं उर्दू मासिक निघतं. उलट पाकिस्तानात उर्दू राष्ट्रभाषा असली तरी तिथल्या २०१७ च्या जनगणनेत ती मातृभाषा असलेले लोक सुमारे ७ टक्केच होते. घरात पंजाबी, पश्तो, सिंधी आणि शाळेत उर्दू, असं तिथल्या बऱ्याच मुलांचं असतं.

माझी प्रत कशी आली ते सांगते. माझी एक मैत्रीण श्रीवर्धनची आहे. घरी कोकणी बोलतात, शाळा उर्दू माध्यमाची. कोकणातल्या बऱ्याच घरांसारखं तिच्याही घरातलं कुणी ना कुणी आखातात असतंच. तिचा मोठा भाऊ दुबईत. त्याच्या ऑफिसातला कराचीचा एक सहकारी सुट्टीवरून परतताना हे पुस्तक घेऊन आला, कारण भाईजानने त्याला सांगून ठेवलं होतं की 'बहिणीच्या एका वेड्या मैत्रिणीला हवंय'. कराची ते दुबई, दुबई ते श्रीवर्धन, आणि तिथून एसटीने माझ्याकडे. हे २०१८ साली. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, मराठी 'परीस'च्या शेजारी ठेवलं आणि फोटो टाकला. लाइक्स भरपूर आले. वाचलं कुणी नाही. मीसुद्धा नाही.

अक्षरं येतात, पण शब्द येत नाही

लॉकडाऊनमध्ये केक करून झाले, कॉफी फेटून झाली, तेव्हा मी उर्दू लिपी शिकायला घेतली. मला वाटलं होतं, भाषा तर कळतेच. गाणी कळतात, सिनेमे कळतात. अक्षरं ओळखायला लागलं की झालं.

इथे पहिला धक्का बसला. उर्दूत साधारण ३८-३९ अक्षरं धरतात, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे. संख्या भीतीदायक नाही, आपली बाराखडी त्याहून मोठी आहे. पण बहुतेक अक्षरं शब्दात कुठे येतात त्यानुसार रूप बदलतात : सुरुवातीला एक, मधे एक, शेवटी एक, आणि एकटं असेल तर आणखी एक. शिवाय काही अक्षरं अशी आहेत की ती मागच्याचा हात धरतात पण पुढच्याला देत नाहीत. 'रे', 'दाल', 'वाव' ही त्यातली. म्हणजे एकाच शब्दात मधेच जागा सुटते आणि नवशिक्याला वाटतं, इथे शब्द संपला.

'हॅरी'च घ्या. उर्दूत तो चार अक्षरांत लिहितात : हे, ये, रे, ये. पहिली तीन जोडलेली. 'रे' पुढे हात देत नाही, म्हणून शेवटची 'ये' एकटी उभी. मी पहिल्यांदा तो शब्द दोन शब्द समजून वाचला होता.

बरं, जोडून वाचलं तरी प्रश्न संपत नाही. शब्दाच्या मधली 'ये' ही 'ई' असू शकते, 'ए' असू शकते किंवा 'ऐ' असू शकते. म्हणजे आपला हीरो हीरी, हेरी किंवा हैरी यांपैकी कुणीही! 'पॉटर'मधल्या 'वाव'चंही तेच : पूटर, पोटर की पौटर? इंग्रजी उच्चारांसाठी मराठीने ॲ आणि ऑ अशी खास चिन्हं करून घेतली आहेत, आपल्याला त्याची सवय झालीय म्हणून किंमत कळत नाही. एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी : इंग्रजी टी आणि डीसाठी उर्दूतही ट आणि ड घेतात. त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर एक छोटीशी खूण असते. ती खूण दिसली की मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

आता दुसरा धक्का. आणि आजच्या भागातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात ठेवा. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. त्यांच्यासाठी चिन्हं आहेत : जेर, जबर आणि पेश. जेर म्हणजे इ, जबर म्हणजे अ, पेश म्हणजे उ, साधारणपणे. पण ही चिन्हं पहिलीच्या पुस्तकात असतात. पुढे ती गळून जातात. वाचणाऱ्याने शब्द ओळखायचा आणि स्वर मनाने भरायचे.

याचा परिणाम बघा. 'इस' आणि 'उस' हे दोन्ही शब्द उर्दूत अगदी एकसारखे लिहितात. म्हणजे 'याने दार उघडलं' की 'त्याने दार उघडलं', ते पुढचं-मागचं वाचून ठरवायचं. 'में' म्हणजे 'मध्ये' आणि 'मैं' म्हणजे 'मी', लिहायला तंतोतंत सारखे. 'कल' आणि 'कुल' सारखे. आणि माझा सगळ्यात आवडता : 'सीन, हे, रे' अशी तीन अक्षरं लिहिली तर ती 'सहर' वाचता येतात, म्हणजे पहाट, आणि 'सेहर'ही वाचता येतात, म्हणजे जादू. पहाट आणि जादू, एकच स्पेलिंग!

मग वाचायचं कसं?

मी पाठ्यपुस्तकाने सुरुवात केली होती. 'अनार', 'बकरी' इथपर्यंत ठीक होतं. मग एक उर्दू बातमी उघडली आणि पहिल्या ओळीत बसले ती बसलेच. प्रत्येक शब्दाला तीन-चार उच्चार शक्य, आणि बातमी कशाबद्दल आहे तेच माहीत नाही, तर निवडणार कसं?

त्या रात्री मी प्लास्टिकच्या पिशवीतून पारस पत्थर बाहेर काढलं. आणि गंमत म्हणजे तिथे मला पुढे सरकता आलं. वेगाने नाही, पहिलं पान संपायला दोन संध्याकाळी लागल्या. पण सरकले. कारण गोष्ट मला पाठ होती! कोण बोलतंय, कोण चिडलंय, पुढच्या ओळीत काय होणार, सगळं माहीत. त्यामुळे 'इस' की 'उस' हा प्रश्न आला की उत्तर माझ्या डोक्यात आधीच तयार. लिपी जे स्वर गाळते, ते मी आठवणीतून भरत होते.

लिपी शिकणाऱ्याला लोक सांगतात, सोप्या गोष्टी वाच. माझा अनुभव वेगळा आहे. सोपी पण अनोळखी गोष्ट मला अवघड गेली. अवघड पण ओळखीची गोष्ट जमली. उर्दूसारख्या लिपीत तर हे जास्तच खरं, कारण ती वाचकाला शब्द आधीपासून माहीत असावा अशी अपेक्षा धरून लिहिलेली असते. म्हणून लहानपणी तुम्ही पारायणं केलेलं जे पुस्तक असेल, त्याचा अनुवाद शोधा. तुमच्यासाठी ते हॅरी पॉटर नसेलही.

मी न अडखळता वाचलेला पहिला शब्द कोणता, सांगू? 'जादू'. जीम, अलिफ, दाल, वाव. दोन्ही स्वर दीर्घ, म्हणून दोन्ही लिहिलेले. 'दाल' पुढे हात देत नाही, त्यामुळे अक्षरं सुटी सुटी, स्वच्छ. मी सोफ्यावरून ओरडले, 'आई, जादू!' आई म्हणाली, 'आधी दूध बघ, उतू जातंय.'

उर्दूकडे जादू आधीपासून होतीच

आता जरा शब्दांकडे वळू. जादूगारांची गोष्ट उर्दूत आणायची म्हटल्यावर अनुवादकाच्या हाताशी काय काय असतं, माहितीये? 'जादू' फारसीतून आलेला. 'सेहर' अरबीतून. त्यावरून सेहर करणारा तो 'साहिर', करणारी ती 'साहिरा'. हो, साहिर लुधियानवींचा साहिर तोच! 'साहिर' हे त्यांनी घेतलेलं टोपणनाव, जन्मनाव अब्दुल हयी. म्हणजे तुमच्या प्लेलिस्टमध्ये एक जादूगार आधीपासून बसलाय. मग 'अफसून' म्हणजे मंत्र किंवा भूल. आणि 'तिलिस्म', म्हणजे मंतरलेली जागा, मायावी जग. हा शब्द मूळ ग्रीकमधून अरबीत आणि तिथून उर्दूत आला. इंग्रजीतला टॅलिसमन त्याच घरातला.

हिंदी अनुवादात एक छान युक्ती केली आहे. मूळ इंग्रजीत मंत्र लॅटिनच्या वळणाचे असतात, तर हिंदीत ते संस्कृतच्या वळणाचे केले. युरोपात लॅटिनचं जे वजन, ते आपल्याकडे संस्कृतचं. उर्दूच्या मागे तसंच वजन फारसी आणि अरबीचं असतं. त्यामुळे 'पारस पत्थर' हे एक नाव दोन्हीकडे सारखं असलं, तरी मंत्र म्हणायची वेळ आली की दोन भाषा आपापल्या आजीकडे धाव घेतात.

आणि उर्दूची आजी साधीसुधी नाही बरं का! लखनौच्या नवल किशोर प्रेसने 'दास्तान-ए-अमीर हमजा' छापायला घेतली, ती वाढत वाढत ४६ जाडजूड खंडांची झाली. त्यातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिलेला त्याचा पहिला खंड १८८३ साली आला. होशरुबा म्हणजे शुद्ध हरपून टाकणारं. यात एक पात्र आहे, अम्र अय्यार. अय्यार म्हणजे वेषांतर करणारा, हेरगिरी करणारा, महा-खटपट्या. याच्याकडे दोन वस्तू आहेत. एक 'गलीम', म्हणजे घोंगडी, पांघरली की माणूस दिसेनासा होतो. दुसरी 'जंबील', म्हणजे झोळी, जिच्यात काहीही आणि कितीही मावतं.

थांबा. अदृश्य करणारं पांघरूण आणि अख्खा संसार मावणारी छोटी पिशवी. हॅरी आणि हर्मायनीच्या फॅन्सनो, काही आठवलं? मी असं म्हणत नाहीये की कुणी कुणाचं चोरलं. अशा वस्तू जगभरच्या गोष्टींत सापडतात. माझं म्हणणं एवढंच की उर्दू वाचणाऱ्या मुलाला या वस्तू परक्या वाटायचं कारण नाही. त्याच्या भाषेत त्या इंग्रजी पुस्तकाच्या शंभरेक वर्षं आधीपासून छापलेल्या आहेत.

या अम्रच्या नावातही लिपीने एक गंमत करून ठेवलीय. अरबी वळणाने ते नाव लिहिताना शेवटी एक 'वाव' येतो, जो उच्चारायचा नसतो. पण ऱ्हस्व स्वर लिहिलेले नाहीत आणि शेवटी वाव दिसतोय, मग मुलं काय वाचणार? 'उमरो'! पाकिस्तानात मुलांच्या गोष्टींमध्ये हा गडी 'उमरो अय्यार' म्हणूनच प्रसिद्ध आहे. लाहोरच्या फिरोजसन्सने मकबूल जहांगीर यांच्याकडून अमीर हमजाच्या गोष्टी मुलांसाठी १० भागांत लिहून घेतल्या होत्या, त्यावर तिथल्या पिढ्या वाढल्या. म्हणजे माझी 'हीरी की हैरी' ही अडचण फार जुनी आणि मानाची आहे.

तुमच्या आईबाबांना विचारा, नव्वदच्या दशकात टीव्हीवर 'चंद्रकांता' लागायची. ती देवकीनंदन खत्रींच्या हिंदी कादंबरीवरून घेतलेली. तिच्यातले अय्यार आणि तिलिस्म याच दास्तानांच्या जगातले. १८८८ च्या सुमारास ती कादंबरी आली, आणि हिंदी साहित्याच्या इतिहासात असं सांगतात की ती वाचता यावी म्हणून अनेक उर्दू जाणणाऱ्या लोकांनी देवनागरी शिकून घेतली. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. तेव्हा लोक जादूच्या गोष्टीसाठी त्या लिपीतून या लिपीत आले. मी जादूच्या गोष्टीसाठी या लिपीतून त्या लिपीत चाललेय.

'ताई, पीडीएफ पाठवा ना'

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. पीडीएफ नाही. नेटवर चाहत्यांनी केलेले उर्दू अनुवाद फिरतात, स्कॅन केलेली पानंही फिरतात. पण ज्या अनुवादकाने एकेका शब्दावर डोकं खाजवलं असेल, त्याच्या पुस्तकाचे मोबाइलवर काढलेले तिरके फोटो मी पुढे ढकलणार नाही.

मग विकत घ्यायचं कुठून? इथे अडचण आहे. २०१९ पासून भारत-पाकिस्तान व्यापार जवळपास ठप्पच होता. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या मालाची आयात पूर्ण बंद केली, थेट असो की दुसऱ्या देशातून फिरून आलेला. टपालही थांबवलं. त्या निर्णयामागची कारणं तुम्हाला माहीत आहेत, आणि हा राजकारणाचा पॉडकास्ट नाही. पण परिणाम समजून घ्या. माझी प्रत ज्या वाटेने आली, ती वाट आता बंद आहे. उद्या माझी प्रत भिजली, हरवली, तर दुसरी आणता येणार नाही. हे लक्षात आल्यावर मी काय केलं? कपाटाला कुलूप लावलं.

पेन्सिलच्या खुणा

मागच्या वर्षी मैत्रिणीची भाची माझ्याकडे राहायला आली होती. वय वर्षं ११. घरात कोकणी, शाळेत उर्दू, माझ्याशी मराठी, आणि यूट्यूबवर जे असेल ते. हॅरी पॉटरचे सिनेमे तिने हिंदी डबिंगमध्ये पाहिले होते. तिने कपाटाच्या काचेतून ते पुस्तक पाहिलं आणि विचारलं, 'आंटी, हे उर्दूतपण असतं?'

मी जरा भाव खात ते बाहेर काढलं आणि तिला वाचून दाखवायला लागले. बोट ठेवून. 'इस... नाही, उस ने...' दोन ओळी झाल्या असतील. ती शांतपणे म्हणाली, 'आंटी, मी वाचू का?' आणि वाचायला लागली. धडाधड. मी दोन संध्याकाळी ज्या पानावर घालवल्या, ते पान तिने चहा थंड व्हायच्या आत संपवलं. आवाज बदलून. मिस्टर डर्स्लीला तिने त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांचा आवाज दिला, असं नंतर कळलं.

रविवारी निघताना ती म्हणाली, 'हे मी घेऊन जाऊ? वाचून परत देते.'

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. दुसरी प्रत मिळणार नाही. श्रीवर्धनची हवा दमट. घरात तीन लहान पोरं. माझ्या तोंडावर 'बघू हं पुढच्या वेळी' आलंच होतं. मग तिने विचारलं, 'तुम्हाला लागणारे का मधे?' यावर काय उत्तर देणार? मला लागणार नव्हतं. मला ते फक्त असायला हवं होतं. आणि समोर एक मुलगी उभी होती, जिला तिच्या शाळेच्या लिपीत तीनशे पानांची जादूची कादंबरी आयुष्यात पहिल्यांदा दिसत होती. मी दिलं. पिशवीसकट.

चार महिने आलं नाही. मी दोनदा फोन केला, सहज चौकशी केल्यासारखा. मैत्रीण हसली, म्हणाली, वर्गात फिरतंय.

परत आलं तेव्हा एक कोपरा दुमडलेला होता आणि मागच्या पानावर कसला तरी तेलकट डाग. मी पान उलटलं, आणि पहिल्या दोन प्रकरणांत पेन्सिलने काहीतरी बारीक खुणा दिसल्या. आधी वाटलं, कुणी गिरवलंय. मग नीट बघितलं. प्रत्येक 'इस'खाली एक छोटा जेर, प्रत्येक 'उस'वर एक छोटा पेश. 'में' आणि 'मैं'मध्येही फरक करून दिलेला. सोबत वहीचा एक कागद, देवनागरीत : 'आंटी, तुम्ही इस-उसमध्ये सारख्या अडकता म्हणून लावून दिले. तिसऱ्या प्रकरणापासून तुम्ही स्वतः वाचा.'

संग्राहकांच्या हिशोबात लिहिलेल्या, डागाळलेल्या प्रतीची किंमत पडते. पडू दे. मी सध्या सहाव्या प्रकरणात आहे, खुणांशिवाय. पुस्तक पिशवीबाहेर आहे, आणि हे संपलं की ते पुन्हा श्रीवर्धनला जाणार आहे. पुढच्या वर्गाची यादी तयार आहे म्हणे.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

पटकन तीन गोष्टी. एक : बालभारतीच्या साइटवर उर्दू माध्यमाची पहिलीची पुस्तकं मोफत मिळतात. त्यात जेर-जबर-पेश लावलेले असतात. तिथून सुरू करा. रेख्ता फाउंडेशनच्या साइटवर हजारो उर्दू पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत, आणि शेर देवनागरीतही वाचता येतात. एकच शेर दोन्ही लिप्यांत शेजारी ठेवून बघणं हा उत्तम सराव.

दोन : मोबाइलवर उर्दू वाचताना अक्षरं पुस्तकातल्यासारखी उतरती दिसत नसतील, सपाट दिसत असतील, तर घाबरू नका. पुस्तकातल्या त्या उतरत्या वळणाला 'नस्तालीक' म्हणतात, आणि ते यंत्राला शिकवणं फार अवघड गेलं. उर्दू पेपर १९८० च्या आसपासपर्यंत कातिब लोक हाताने लिहायचे आणि मग ते छापायचे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची 'नूरी नस्तालीक' आली तेव्हा कुठे यंत्रावर नस्तालीक जमलं. आयफोनवर तर ते २०१७ मध्ये आलं. तुमच्या फोनमध्ये नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट वापरता आला तर वापरा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : तुमच्या ओळखीत, सोसायटीत, ऑफिसात कुणी उर्दू शाळेत शिकलेलं नक्की असेल. त्यांच्यासमोर एक पान मोठ्याने वाचा. चुका. हसू द्या त्यांना.

आणि हो, तुमच्या कपाटातही असं एखादं पुस्तक असेल, जे तुम्हाला फक्त 'असायला' हवंय, तर ते कुणाला वाचायला द्याल का, हे मला व्हॉइस नोट करून सांगा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि इयरफोन लावून रस्ता ओलांडू नका. भेटू पुढच्या आठवड्यात!